धुरातून जाणारं पेट्रोल

पीयूसीच्या कागदावर दोन आकडे छापलेले असतात. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा गाडीवाला एखाद वेळेस वाचतो. हायड्रोकार्बनच्या रकान्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. नियम असा, की ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला मर्यादा ६,००० ची आणि फोर-स्ट्रोकला ४,५०० ची. हायड्रोकार्बन म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल आणि त्याच्यासोबत थोडं ऑइल. जुन्या राजदूतला, येझदीला, आरएक्स १०० ला ही सवलत कायद्यानंच दिली आहे, कारण त्या इंजिनाची घडणच तशी.

रायगडातल्या ज्या गाड्यांवर एमएच-०६ ही पाटी असते त्यांची नोंद पेणच्या आरटीओत होते. या पाटीच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात अजून गॅरेजच्या दारात उभ्या दिसतात. कायद्याच्या हिशेबात त्या सगळ्या ‘व्हिंटेज’ नव्हेत. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी मूळ रूपात आणि पन्नास वर्षांहून जुनी हवी. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते आणि मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. १९८५ साली आलेली आरएक्स १०० अजून त्या वयाची झालेली नाही. पण व्हिंटेज असो वा नसो, गॅरेजात आलेल्या मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘अॅव्हरेज देत नाय, बघ जरा.’

यावरचा झटपट उपायही ठरलेला. मेन जेट बारीक करायचा, काही जण तर आहे त्याच जेटमध्ये तांब्याच्या वायरचा एक तंतू सरकवतात, आणि टाकीत ऑइल कमी टाकायचं. दोन्ही उपाय चुकीच्या जागी लावलेले आहेत. टू-स्ट्रोकचं पेट्रोल जास्त जातं ते जळण्यात नाही, सांडण्यात. ते कुठे सांडतं हे कळलं, की कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हेही कळतं.

फोर-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत घेण्याचा आणि जळका धूर बाहेर काढण्याचा फेरा वेगवेगळा असतो, मध्ये व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकला तसे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला भोकं पाडलेली असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं, आणि खालीवर होणारा पिस्टनच ती उघडतो नि झाकतो. कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रॅंककेसमध्ये जातं. पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये शिरतं. जोसेफ डे या इंग्रज इंजिनिअरनं १८९१ मध्ये या दाबणाऱ्या क्रॅंककेसचं पेटंट घेतलं. अडचण एकच : ताजं मिश्रण आत येत असतं त्या क्षणी समोरचा एक्झॉस्ट पोर्टही उघडाच असतो. ताज्या मिश्रणानंच जळका धूर बाहेर ढकलायचा असतो, आणि त्या ढकलाढकलीत त्यातलं काही धुराबरोबर सरळ सायलेन्सरमध्ये निघून जातं.

किती जातं? आशियातल्या टू-स्ट्रोक गाड्यांबद्दल सर्वसाधारणपणे मानला जाणारा अंदाज १५ ते ३५ टक्क्यांचा आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या वर गेलेल्या लिटरमधले पंधरा ते पस्तीस रुपये न पेटता धुरातून जातात. शंभर टक्के सुस्थितीतली गाडीसुद्धा यातून सुटत नाही. आपल्या हातात असतं ते एवढंच, की ती पस्तिसाकडे न सरकता पंधराच्या जवळ राहावी.

हे सांडणं कमी करण्यासाठी माणसांनी बरंच डोकं लढवलं. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असायचा, मिश्रण त्यावर आपटून वर वळावं म्हणून. १९२० च्या दशकात जर्मनीत अडोल्फ श्नुर्ले यांनी तो उंचवटा काढून टाकला आणि ट्रान्सफर पोर्टच अशा कोनात वळवले, की मिश्रण एक्झॉस्टकडे पाठ करून मागच्या भिंतीवर जावं, तिथून वर चढावं आणि मग वळसा घेऊन खाली यावं. आपल्याकडच्या जावापासून आरएक्सपर्यंतच्या इंजिनांत हाच वळसा आहे.

दुसरी युक्ती सायलेन्सरमध्ये आहे, आणि ती जास्त गमतीची. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचे इंजिनिअर होते. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी आधी फुगत आणि मग निमुळती होत गेली, तर त्या निमुळत्या टोकावरून लाट उलटी फिरते. नळीची लांबी नेमकी साधली तर पोर्ट बंद व्हायच्या अगदी आधी ती लाट परत पोहोचते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. काडेन यांनी हे तंत्र रेसिंगच्या गाड्यांत इतकं पक्कं बसवलं, की १९६१ मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, तेव्हा सुझुकीनं त्याला हातोहात उचललं. पुढच्याच वर्षी तो सुझुकीच्या ५० सीसीवर जगज्जेता झाला.

हे पुराण सांगायचं कारण असं, की आरएक्स १०० चा साधा दिसणारा सायलेन्सर म्हणजे धूर वाहून नेणारा नुसता पाइप नव्हे. तो इंजिनाचाच भाग आहे. आवाज ‘फुटावा’ म्हणून पोरं शेपटाकडची जाळी काढून टाकतात किंवा सायलेन्सर कापून छोटा करतात, आणि मग अॅव्हरेज पडलं म्हणून कार्बोरेटरला शिव्या घालतात. आत परतणारी लाटच बिघडवली, तर निसटलेलं पेट्रोल परत कोण ढकलणार? उलट टोकही तितकंच वाईट. वर्षानुवर्षं ऑइलचा कार्बन साचून जाळीची भोकं बुजतात, एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला काळा कठीण थर चढतो, जळका धूर नीट बाहेर पडत नाही आणि ताज्या मिश्रणाला आत जागा मिळत नाही. गाडी वर चढत नाही, मग हात आपोआप जास्त मुठीत जातो. जुन्या टू-स्ट्रोकवर अॅव्हरेजसाठी पहिला खर्च करायचा असेल तर तो इथे : हेड उघडून पिस्टनच्या डोक्यावरचा, हेडचा आणि पोर्टचा कार्बन काढणं, जाळी काढून साफ करणं. पोर्ट खरवडताना लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी वापरावी. स्क्रू-ड्रायव्हर पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे ठेवून जातो.

हेड उघडलंच आहे तर पिस्टन-बोअर आणि रिंगाही तपासून घ्याव्यात. रिंग सैल असेल तर दाब वरून खाली गळतो. आणि क्रॅंकच्या दोन टोकांची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रॅंककेस म्हणजे पंपच, त्यामुळे सील गेली की पंप गळका झाला. मॅग्नेटोच्या बाजूची सील गेली तर ती बाहेरची हवा ओढते, मिश्रण कोरडं पडतं, गाडी गरम होते. क्लचच्या बाजूची गेली तर गिअर ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर सुटतो, गिअर ऑइलची पातळी मात्र गुपचूप उतरत जाते. धूर जास्त म्हणून मालक टाकीतलं टूटी ऑइल कमी करतो, आणि दोष होता तिथेच राहतो.

आता कार्बोरेटर. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मुठीच्या पहिल्या पाव भागात पेट्रोल येतं ते पायलट जेट आणि एअर स्क्रूवरून. पाव ते पाऊण या मधल्या भागात कारभार असतो नीडलचा, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा, आणि ती ज्या नळीत खालीवर होते त्या नीडल जेटचा. मेन जेटचं राज्य सुरू होतं पाऊण मूठ ओलांडल्यावर. पेणहून निघून वडखळ, नागोठणे करत रोह्याला जाणारा माणूस पंचेचाळीस-पन्नासच्या वेगानं गाडी चालवत असेल, तर त्या चाळिसेक किलोमीटरमध्ये तो मेन जेटपर्यंत क्वचितच पोहोचतो. जेट बारीक करून या वेगात वाचतं जवळपास शून्य. पण नागोठणे सोडून भिसे खिंडीचा चढ लागला, मागे माणूस बसलाय, मूठ पूर्ण ओढली, की तिथे मात्र तो बारीक जेट कामाला येतो. नेमकं जिथे इंजिनाला जास्त पेट्रोल आणि त्याच पेट्रोलमधलं ऑइल हवं असतं तिथेच ते तोडलं जातं. पिस्टन तापतो, फुगतो आणि बोअरमध्ये धरतो. नवा पिस्टन, बोअरिंग आणि मजुरी यांचं बिल पाहिलं, की वाचवलेलं पेट्रोल विसरायला होतं.

खरी गळती असते ती नीडल जेटमध्ये. तीस-चाळीस वर्षं सुई घासून घासून त्या पितळी नळीचं गोल भोक लांबट होतं. डोळ्याला दिसत नाही, पण मधल्या मुठीवर, म्हणजे आपण दिवसभर जिथे असतो तिथे, सतत जास्त पेट्रोल येत राहतं. नीडल आणि नीडल जेट जोडीनं बदलणं हे काम स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा सुचतच नाही. जेट साफ करताना टाचणी घालण्याची सवयही तशीच घातक. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. फुंकून किंवा हवेच्या नळीनं साफ करावं. फ्लोटची नीडल गळत असेल तर गाडी उभी असतानाही पेट्रोल ओघळतं, आणि जुन्या जावाच्या कार्बोरेटरवरचं ते बटण, थंड गाडीला पेट्रोल थेंबथेंब सांडेपर्यंत दाबायचं, ते पावसाळी सकाळी दाबलं तर ठीक. गरम गाडीला सवयीनं दाबणारे लोक मी पाहिले आहेत.

एअर फिल्टरचं वेगळं सांगायला नको, पण या पट्ट्यात सांगायलाच हवं. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या धुळीनं किती फिल्टर खाल्ले असतील याची गणती नाही. बुजलेला फिल्टर म्हणजे कायम ओढून ठेवलेला चोकच. धूळ जास्त म्हणून फिल्टर काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे : एक तर मिश्रण एकदम कोरडं होतं, शिवाय ती धूळ सरळ बोअरमध्ये जाते.

वडखळ नाक्यावरची रांग हा पेट्रोलचा दुसरा मोठा खड्डा. टू-स्ट्रोक मिनिमममध्ये उभी असताना तिचा आवाज ऐका. एकसारखा येत नाही, अडखळत येतो. मूठ बंद असताना सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण थोडंच येतं आणि जुना धूर भरपूर उरतो. त्या सरमिसळीत ठिणगी पडूनही जाळ धरत नाही. एखाद-दोन फेऱ्या फुकट जातात, मग पुरेसं ताजं मिश्रण साचलं की ते एकदा पेट घेतं. फुकट गेलेल्या फेऱ्यांचं पेट्रोल धुरातून बाहेर जातं. पीयूसीची तपासणी मिनिमममध्येच होते, म्हणूनही तिथला आकडा एवढा मोठा. फाटकावर किंवा रांगेत अर्ध्या-एक मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर गाडी बंद करावी. किक मारायचा कंटाळा केला तर त्याची किंमत पेट्रोलमध्ये जाते. होंडानं १९९० च्या दशकात हा उरलेला गरम धूरच वापरून, ठिणगीशिवाय मिश्रण पेटवायचं तंत्र काढलं. १९९५ च्या ग्रॅनाडा-डाकार शर्यतीत त्यांची तसली ४०० सीसीची टू-स्ट्रोक पाचवी आली. पण ते तंत्र आपल्या रस्त्यावर कधी उतरलं नाही.

खिंड उतरतानाची एक सवय मात्र जिवावर बेतू शकते. फोर-स्ट्रोकवाला उतारावर मूठ सोडून गाडी गिअरमध्येच ठेवतो. पेट्रोल वाचतं, ब्रेकलाही आधार मिळतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या राजदूत किंवा जावावर हे केलं, तर मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. इंजिन मात्र चाकाच्या जोरावर भराभर फिरत असतं. स्वीडनच्या साब कंपनीच्या टू-स्ट्रोक मोटारींना म्हणूनच फ्रीव्हील बसवलेलं असायचं, पेडल सोडलं की चाकं इंजिनापासून सुटी. आपल्या गाड्यांना ती सोय नाही. लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून एक हलकी रेस द्यावी, एवढं पेट्रोल खर्च होऊ द्यावं. आरएक्स १०० ला ऑइलचा वेगळा पंप आहे आणि तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबरही चालतो, त्यामुळे तिला हा धोका कमी. इंजिन बंद करून उतरणं तर नकोच. ओल्या ड्रम ब्रेकच्या भरवशावर खिंड उतरायची नसते.

ऑइल कमी केल्यानं अॅव्हरेज वाढतं हीही एक पक्की रुजलेली समजूत. जुन्या काळी साध्या खनिज ऑइलचं प्रमाण लिटरला चाळीस मिली, म्हणजे १:२५ च्या आसपास असे. आजच्या चांगल्या टूटी ऑइलवर, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं असेल तर, लिटरला तीस मिलीपर्यंत उतरता येतं. त्याच्या खाली जाऊ नये. गंमत म्हणजे ऑइल वाढवलं तर मिश्रण पेट्रोलच्या बाबतीत किंचित कोरडं होतं, कारण जेटमधून जाणाऱ्या त्याच मापातली थोडी जागा ऑइलनं घेतलेली असते. ऑइल कमी केलं तर उलट पेट्रोल किंचित जास्त जातं!

आणि आता सगळ्यात नवी गोष्ट : पंपावर मिळणारं ई२०, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ पुरते. म्हणजे जेट तोच ठेवला तर ई२० वर मिश्रण आपोआप कोरडं होतं. इथेनॉलमध्ये ऊर्जाही कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, ई० साठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींचं अॅव्हरेज ई२० वर तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. जुन्या टू-स्ट्रोकसाठी घटीपेक्षा कोरडेपणा जास्त काळजीचा. आधीच बारीक केलेला जेट आणि वर ई२० अशी जोडी जमली, तर पिस्टन किती दिवस टिकतो एवढाच प्रश्न उरतो. नीडलची क्लिप एक खाच खाली घेऊन सुई उचलावी, गरज पडली तर मेन जेट एक नंबर मोठा घालावा, आणि प्लग बघून ठरवावं.

प्लग बघायचा तोही नीट. खिंडीच्या चढावर पाऊणहून जास्त मूठ ओढून थोडं अंतर जावं, मग एकाच वेळी क्लच दाबून स्विच बंद करावा आणि गाडी कडेला घेऊन प्लग काढावा. मिनिमममध्ये घरापर्यंत आणून काढलेला प्लग मिनिममचीच हकिकत सांगतो. मधल्या चिनीमातीचा रंग बिस्किटासारखा हवा. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. जुन्या मेकॅनिकांच्या डोळ्यात बसलेले रंग शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातले आहेत. ते पेट्रोल २००० साली बंद झालं, त्यामुळे आज चांगला प्लगही थोडा फिका दिसतो.

इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणातला पावसाळा त्याला ते भरपूर पुरवतो. पाणी ठरावीक हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि कॉक पहिल्यांदा तेच उचलतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेलं असतं, म्हणजे हा घोट ऑइलशिवायचा. आषाढ-श्रावणात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी किंवा टाकी नि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करून ठेवावेत. अर्धी टाकी सगळ्यात वाईट.

बाकीची कामं नेहमीची, पण दमट हवेत ती लवकर बिघडतात : पॉइंट जळून खड्डे पडणं, टायमिंग सरकणं, गंजलेली चेन, ड्रमला चिकटून घासणारे ब्रेक-शू. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवून बघा. दोन-चार फेरे सहज फिरलं नाही, तर कार्बोरेटरला हात लावायची घाई करू नका. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवून अॅव्हरेज वाढवणारे लोक मात्र दारातूनच परत पाठवावेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं असली शंभरावर उपकरणं तपासली आणि लक्षणीय फायदा देणारं एकही सापडलं नाही.

कंपन्यांनी सांडणाऱ्या पेट्रोलवरचा इलाज शोधलाही होता. पेट्रोल कार्बोरेटरमधून न देता, एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. मग धुराला ढकलायला नुसती हवा. ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीचं हे तंत्र घेऊन बजाजनं २००७ च्या सुमारास टू-स्ट्रोक ऑटोरिक्षा काढली होती. पण दुचाकीच्या बाजारात निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता. १९८५ मध्ये, आरएक्स १०० आली त्याच वर्षी, हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात करू लागली.

त्या ऐंशीशी आपल्या गाडीची तुलना करू नये, मोजायचं तर तिच्या स्वतःशीच मोजावं. सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी करून टाकी एका खुणेपर्यंत भरायची, पेण-रोहा-पेण नेहमीच्या वेगानं जाऊन यायचं, आणि त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरायचं. किलोमीटरसाठी स्पीडोमीटरपेक्षा रस्त्याकडेचे दगड जास्त भरवशाचे. जुन्या स्पीडोमीटरची केबल आणि गिअर झिजलेले असतात. असं दोन-तीनदा करून सरासरी धरावी. सुस्थितीतली अडीचशे सीसीची जावा किंवा येझदी तिशीच्या आसपास जाते, राजदूत आणि आरएक्स १०० चाळिशीच्या आसपास. म्हणजे आरएक्सवाला पेणहून रोह्याला साधारण लिटरभरात पोहोचतो, येझदीवाल्याला आणखी पाव-अर्धा लिटर लागतो. तुमची गाडी एवढं देत असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायला हरकत नाही.